मामाची ओळख पटवायला डीएनए: नमुना आजीचा द्यावा की आईचा?

विक्रोळीकरीण:

नमस्कार. मी इथे एरवी वाचतेच जास्त. पाककृतींच्या विभागात दोन-तीनदा लिहिलंय, तेही नाचणीच्या सत्त्वाबद्दल. आजचा विषय फार वेगळा आहे. घरात विचारावं असं कुणी नाही, जे आहेत ते रडतायत किंवा भांडतायत, म्हणून इथे आले.

गेल्या मंगळवारी ऑफिसात डबा उघडला आणि आईचा फोन आला. पोलीस ठाण्यातून एक हवालदार बाई घरी येऊन गेल्या होत्या. बसल्या नाहीत, पाणीही घेतलं नाही. दारातूनच विचारलं, "तुमच्या भावाच्या मांडीत रॉड होता का?" आई म्हणाली, "हो, उजव्या." त्यापुढे बाई काय बोलल्या ते आईला अजून धड सांगता येत नाही.

माझा मामा २०११ साली अनंत चतुर्दशीनंतर दोन दिवसांनी घरातून गेला तो आलाच नाही. वय ४३, लग्न झालेलं नव्हतं. इलेक्ट्रिकची कामं करायचा. हात चांगला होता, पण पिण्यापायी एका जागी टिकला नाही. कन्नमवार नगरात आजीच्या खोलीतच राहायचा. गेला तेव्हा मोबाइल चार्जिंगला तसाच होता. मिसिंगची तक्रार तिसऱ्या दिवशी दिली. पहिली दोन वर्षं बाबांनी आणि मी हॉस्पिटलं पालथी घातली, मग शिर्डी, मग अक्कलकोट, कारण कुणीतरी त्याला कुठेतरी पाहिलेलं असायचंच. मग आम्ही थांबलो. आजी थांबली नाही. रेशनकार्डावरून त्याचं नाव तिने कमी करू दिलं नाही. सात वर्षं झाल्यावर वकिलांनी सांगितलं की कोर्टात जाऊन मृत्यू झाला असं मानून घेता येतं. तर म्हणाली, "माज्या जिवात जीव असताना पोराचं मरण मी लिहून द्यायची नाय."

आता दिवाळीनंतर हायवेच्या पलीकडे, खाडीच्या बाजूला तिवरांत प्लास्टिक गोळा करणाऱ्या कॉलेजच्या मुलांना चिखलात हाडं दिसली. कवटी, थोड्या फासळ्या, कमरेचं हाड आणि मांड्यांची दोन्ही हाडं. उजव्या हाडाचं वरचं टोक झिजून गेलंय आणि त्यातून स्टीलचा रॉड डोकावतोय. पोलिसांनी जुन्या मिसिंग चाळल्या, तेव्हा आमच्या तक्रारीत 'ओळखीच्या खुणा' या रकान्यात बाबांनी लिहिलेलं सापडलं. आमच्या घरापासून ती जागा चालत २५ मिनिटांवर आहे. हे वाक्य मी चार वेळा लिहून खोडलंय.

पोलीस म्हणतात, रक्ताच्या नात्यातल्या कुणाचा तरी नमुना द्या. आई द्यायला तयार आहे. आजी ८४ वर्षांची, तिसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघे गेलेले. तिला उतरवून न्यायचं म्हणजे खुर्चीत बसवून चौघांनी उचलायचं. आईचा नमुना चालत असेल तर तिला कशाला त्रास, असं बाबांचं म्हणणं. शिवाय चौदा पावसाळे खाऱ्या चिखलात राहिलेल्या हाडात काही उरतं का, की हे सगळं नावापुरतं?

अजून एक. मामा २००६ साली कांजूरला लोकलमधून पडला होता तेव्हाचा एक्स-रे आजीच्या कपाटामागे सापडला. पण अर्धाच. २०१० साली संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ग्रहण होतं, तेव्हा माझ्या धाकट्या भावाने ते बघायला फिल्म कात्रीने कापली होती. उरलेल्या तुकड्यात गुडघ्यापासून अर्ध्या मांडीपर्यंत दिसतं. त्याचा काही उपयोग?

आणि सगळ्यात अवघड. आजीला अजून काहीच सांगितलेलं नाही. बाबा म्हणतात, शुगर तपासायची म्हणून रक्त घेऊ.

क्राइमप्रेमी_ठाणेकर:

ताई, वाचून वाईट वाटलं. एक सुचवतो. परदेशी कंपन्यांचं किट मिळतं, नळीत थुंकायचं आणि कुरिअर करायचं. अमेरिकेत २०१८ साली असंच दूरच्या नातेवाइकांवरून 'गोल्डन स्टेट किलर' हा जुना खुनी पकडला आणि एका अनोळखी मृत मुलीची ओळखही ३७ वर्षांनी पटली. पोलिसांच्या भरवशावर कशाला बसायचं?

निळी_नळी:

ठाणेकर, घाई नको. तो मार्ग तिकडे चालतो, कारण तिकडच्या लाखो लोकांनी हौसेने आपली माहिती त्या साइटवर टाकलेली आहे. आपल्या विक्रोळीतल्या माणसाचा दूरचा चुलत भाऊ तिथे असण्याची शक्यता किती? शिवाय त्या किटमध्ये डीएनएच्या वेगळ्या जागा वाचतात आणि पोलिसांच्या प्रयोगशाळेत वेगळ्या. दोन्ही कागद शेजारी ठेवले तरी बोलणार नाहीत एकमेकांशी.

विक्रोळीकरीण, मी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत २२ वर्षं काढली, त्यातली शेवटची ११ डीएनए विभागात. आता घरी असतो. तुमच्या प्रश्नांना जमेल तसं सांगतो.

नमुना आजीचाच घ्या. आईचा जोडीला घ्या, पण आजीचा सोडू नका. कारण असं: तपासायच्या प्रत्येक जागेवर माणसाकडे दोन चिठ्ठ्या असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. आपण अशा वीसेक जागा वाचतो. आई आणि मुलगा असतील तर प्रत्येक जागेवर आईच्या दोनपैकी एक चिठ्ठी मुलाकडे असतेच असते. क्वचित एखाद्या ठिकाणी बदल होतो, तो आम्हाला ओळखता येतो. बहीण-भावांचं तसं नाही. एखाद्या जागेवर दोन्ही चिठ्ठ्या जुळतील, एखाद्या जागेवर एक, आणि साधारण चारातल्या एका जागेवर दोघांना आई-वडिलांकडून एकही सारखी चिठ्ठी आलेली नसते. म्हणजे तुमच्या आईचा नमुना घेऊन उत्तर "बहुधा भाऊ" इथवर येऊन अडकू शकतं, त्यातून हाडातल्या काही जागा वाचताच आल्या नाहीत तर आणखीच. आजोबा हयात नाहीत असं धरतो. त्यामुळे आजी हा एकच पक्का धागा आहे तुमच्याकडे. कटू वाटेल, पण ८४ वर्षांच्या माणसाच्या बाबतीत 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणू नये.

गावाकडे मामाचा सख्खा चुलत भाऊ असेल, म्हणजे आजोबांच्या भावाचा मुलगा, तर त्याचंही नाव पोलिसांना देऊन ठेवा. बापाकडून मुलाला जाणारं वाय गुणसूत्र त्याच्यात आणि मामात एकच असणार.

चिखलाचं विचाराल तर, उष्णता आणि ओल हे डीएनएचे खरे वैरी आणि मुंबईत दोन्ही फुकट मिळतात. तरी मांडीचं हाड आणि दाढा शेवटपर्यंत टिकतात. हाडाचा बोटभर तुकडा घेतो, वरचा थर घासून काढतो (दाताच्या डॉक्टरकडे ड्रिल चालताना येतो ना, अगदी तोच वास येतो, मला अजून दवाखान्यात गेलं की कामावर गेल्यासारखं वाटतं), मग आतल्या घट्ट भागाची मैद्यासारखी पूड करतो. त्यातलं कॅल्शियम विरघळवलं की आत अडकलेला डीएनए मोकळा होतो. जुन्या हाडात त्याचे तुकडे पडलेले असतात. लांब तुकडे आधी जातात, आखूड राहतात, म्हणून पडद्यावर काही जागांचे उंच कळस दिसतात आणि काही जागा सपाट. सगळ्या मिळाल्या नाहीत तरी बारा-पंधरा जागांवर आजीशी मेळ बसला तर बोलता येतं. रॉड नसलेल्या पायाचं हाड घ्यायला सांगतील, ते बरंही.

तेवढंही नाही मिळालं तर मायटोकाँड्रियाचा डीएनए असतो. तो पेशीत शेकड्यांनी असतो म्हणून टिकतो, आणि फक्त आईकडून येतो. आजी, तुमची आई, मामा आणि तुम्ही स्वतः, चौघांचा एकच. पण तोच हजारो इतर लोकांचाही असू शकतो. म्हणजे "हा तो नव्हे" हे तो ठामपणे सांगतो, "हाच तो" हे एकट्याने सांगत नाही. किती टिकतो याचं आपल्याच किनाऱ्यावरचं उदाहरण देतो. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मठात पुरातत्त्व खात्याला एक हाड मिळालं. १६२४ साली इराणात मारल्या गेलेल्या जॉर्जियाच्या राणी केतेवानचं ते असावं असा अंदाज होता. हैदराबादच्या सीसीएमबी या सरकारी जीवशास्त्र संस्थेत त्याचा मायटोकाँड्रियल डीएनए निघाला, भारतात न आढळणारा आणि जॉर्जियाकडे आढळणारा. चारशे वर्षं गोव्याच्या पावसात! पंजाबात अजनाल्याच्या विहिरीत १८५७ च्या शिपायांचे सांगाडे मिळाले, त्यांचंही दातांवरून झालं. ते शिपाई पंजाबातले नसून गंगेच्या खोऱ्यातले होते, असं २०२२ साली प्रसिद्ध झालं. तुमची चौदा वर्षं त्यापुढे काहीच नाहीत. खारा चिखल वाईट खरा, पण हाडं धड आहेत म्हणजे आशा आहे.

आता जरा विषयांतर, पण मला हे सांगायचंच आहे. लोकांना वाटतं अडचण यंत्राची असते. यंत्र बिचारं काय, दोन बाजू दिल्या की जुळवून देतं. अहमदाबादच्या विमानाचं घ्या, १२ जून २०२५. २६० माणसं गेली, बहुतेकांची ओळख डीएनएनेच पटवली आणि भराभर पटवली. का? तर प्रवाशांची यादी हातात होती आणि यादीतल्या माणसांचे नातेवाईक रक्त द्यायला रांगेत उभे होते. याला आम्ही आपसात 'बंद यादी' म्हणायचो. चिखलात मिळालेल्या हाडाची यादी उघडी असते. जुळवायचं कोणाशी? देशभरातल्या हरवलेल्यांच्या नातेवाइकांचे नमुने एका बाजूला आणि अनोळखी मृतांचे दुसऱ्या बाजूला, अशी व्यवस्था २०१९ च्या डीएनए विधेयकात होती. ते विधेयक २०२३ साली मागे घेतलं. विधेयकातल्या इतर काही गोष्टींना माझाही विरोध होता, गुन्हेगार आणि संशयितांचं सगळं एकाच कोठारात भरायचं म्हणजे सोपं नाही, पण त्यात हरवलेली माणसंही पुन्हा हरवली. तुमच्याकडे त्या रॉडमुळे उघडी यादी एका नावावर आली, आणि वडिलांनी रकाना रिकामा सोडला नाही म्हणून. माझ्या कामात मी शेकडो मिसिंगचे कागद पाहिले, 'ओळखीच्या खुणा' समोर बहुतेक वेळा 'नाही' लिहिलेलं असतं.

फसवून रक्त घेऊ नका. फॉर्मवर देणाऱ्याचा फोटो, सही किंवा अंगठा आणि साक्षीदार लागतात. कशासाठी देतोय हे त्यावर लिहिलेलं असतं. रक्तच पाहिजे असंही नाही, गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली तरी चालते. अर्धा तास आधी काही खाऊ-पिऊ देऊ नका एवढंच.

अंधारखोली:

मी एक्स-रे टेक्निशियन. तो अर्धा तुकडा जपा, पुन्हा कात्री लावू नका! (आणि एक्स-रेतून ग्रहण बघणं डोळ्यांना घातक आहे हो, भावाला सांगा. पण कोणाच्या घरी झालं नाही हे, आमच्याही झालंय.)

गुडघ्याकडचा भाग शिल्लक आहे म्हणता, म्हणजे रॉडच्या खालच्या टोकाचे आडवे स्क्रू त्यात दिसत असतील. किती आहेत, कोणत्या कोनात आहेत, एखादा हाडाबाहेर थोडा जास्त आलाय का, हे दोन माणसांत सारखं नसतं. मिळालेल्या हाडाचा त्याच कोनातून एक्स-रे काढून दोन्ही शेजारी लावले की न्यायवैद्यक डॉक्टर बरंच सांगू शकतात. रॉडवर कंपनीची खूण आणि बॅच नंबर कोरलेला असतो, पण एका बॅचचे पुष्कळ रॉड निघतात. हॉस्पिटलच्या जुन्या केसपेपरवर त्या बॅचचा स्टिकर असेल तरच त्याचा जोर. २००६ चा केसपेपर मिळाला तर बघा. फिल्मच्या कोपऱ्यात नाव किंवा नंबर आहे का?

विक्रोळीकरीण:

आहे! खालच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत नंबर, तारीख आणि आडनावाची शेवटची दोन अक्षरं. बाकीचं नाव ग्रहण बघायला गेलं.

निळी नळी काका, खूप आभार. आईला चिठ्ठ्यांचं समजावून सांगितलं, तिला लगेच कळलं. म्हणाली, भिशीसारखंच की.

खाकी_उतरवली:

ताई, मी लोहमार्ग पोलिसात होतो, ३१ वर्षं, त्यातली नऊ वर्षं बेवारस बॉडीचंच टेबल. माझ्या नोकरीत मुंबईच्या रुळांवर एकेका वर्षी तीन हजारांवर माणसं जायची. ओळख पटवायला आम्ही काय बघायचो? शर्टाच्या कॉलरमागचं शिंप्याचं लेबल. लॉन्ड्रीची खूण. गोंदण. पासावरचं नाव. खिशातली हॉटेलची चिठ्ठी. एकदा एका पोराच्या खिशात फक्त चावी होती, चावीवर कुलूपवाल्याचा शिक्का, त्यावरून दिवा गावातल्या एका खोलीपर्यंत पोचलो. नंतर बॉडीचे फोटो नेटवर टाकायला लागले, त्याने बराच फरक पडला. पण फोटोला चेहरा लागतो ना.

तुमच्या केसमध्ये काय करायचं ते सांगतो. हाडं मिळाली म्हणजे ए.डी., म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल झालेली असणार, पूर्वी कलम १७४ खाली व्हायची, आता नव्या कायद्यात कलम १९४. तो ए.डी. नंबर आणि तुमच्या २०११ च्या मिसिंगचा नंबर, दोन्ही एका कागदावर लिहून कायम पाकिटात ठेवा. फोनवर विचारलं की "कुठली केस?" हाच पहिला प्रश्न येतो. तपास अंमलदार बदलला की नवीन माणसाला पहिल्यापासून सांगावं लागतं, तेव्हा हे दोन नंबरच कामाला येतात.

आजीला उतरवू नका. अंमलदारांना साधा अर्ज द्या की बाई वृद्ध आहेत, चालता येत नाही, नमुना घरी येऊन घ्यावा. ते वैद्यकीय अधिकाऱ्यांना पत्र देतील. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. नमुना तुमच्यासमोर सीलबंद करतील, लाखेवर शिक्का उमटलाय ना ते डोळ्यांनी बघा. मुंबईतलं हे काम साधारण कलिन्याच्या प्रयोगशाळेकडे जातं. रिपोर्टला पोलीस 'सी.ए.' (केमिकल अॅनालायझर) म्हणतात. "सी.ए. आला का?" असं विचाराल तर पटकन उत्तर मिळेल, "डीएनएचा निकाल" म्हणाल तर समोरचा आधी विचार करेल.

अस्थी रिपोर्टनंतर ताब्यात मिळतात, त्यासाठी वेगळा अर्ज. मृत्यूचा दाखला मात्र लगेच नाही. वर्ष उलटून गेलेल्या मृत्यूची नोंद दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पालिका करत नाही. तिथेही सी.ए. ची प्रत लागेल, चार प्रती काढा.

आजीला सांगायचं की नाही, यात मी बोलणार नाही. मी शेकडो घरांच्या दारात उभा राहून सांगितलंय आणि एकदाही नीट जमलं नाही.

रेवसची_मी:

मी बोलते. सांगा.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात ती पी-३०५ बार्ज, समुद्रातल्या तेलाच्या कामावरचं जहाज, बुडाली, त्यावर माझे दीर वेल्डर होते. कितीतरी बॉडी दूर वाहत गेल्या, काही आमच्या रायगडच्या किनाऱ्याला लागल्या, काही थेट गुजरातेत वलसाडला. चेहरे राहिले नव्हते. जे.जे.ला आम्ही तीन वेळा जाऊन आलो. हातातल्या दोऱ्यावरून एक बॉडी दिरांची वाटली, पण त्या जहाजावरच्या निम्म्या पोरांच्या हातात तसाच दोरा. शेवटी सासूबाईंचं रक्त घेतलं. आम्ही त्यांना सांगितलं होतं की तुमचं बीपी तपासतायत. अडीच आठवड्यांनी बॉडी मिळाली, बंद पिशवीत, अंत्यसंस्कार झाले. त्या आजही म्हणतात, ती दुसऱ्याच कुणाची तरी होती. त्यांना मी कागद दाखवते, समजावते. त्या म्हणतात, माझं रक्त कुठे घेतलं होतं? बीपी बघितलेला तुम्ही.

ज्या दिवशी खरं सांगायला हवं होतं त्या दिवशी खोटं बोललो, आता खरं सांगितलेलं त्यांना खोटं वाटतं. एवढंच सांगायला आले.

क्राइमप्रेमी_ठाणेकर:

माझा किटचा सल्ला मागे. रेवसताई, तुमचं वाचून गप्प झालो.

पण निळी नळी, एक शंका. समृद्धीवर २०२३ च्या १ जुलैला बस जळली तेव्हा तर यादी होती ना? मग तिथे एकत्र अंत्यसंस्कार का केले?

निळी_नळी:

होती. डीएनएला काही दिवस लागणार होते, आणि बहुतेक घरच्यांनी न थांबता बुलडाण्यातच एकत्र निरोप द्यायचं मान्य केलं. २५ गेले होते, त्यातल्या २४ जणांना असं एकत्र नेलं. मी त्यांना चूक म्हणणार नाही. शवागाराबाहेर आठवडा काढणं काय असतं हे मी आतल्या बाजूने पाहिलंय. जळालेल्या हाडाचंही सांगतो, काळं पडलेलं असेल तर प्रयत्न करतो, पांढरं खडूसारखं झालं असेल तर त्यात बहुतेक काही उरत नाही.

विक्रोळीकरीण:

सगळ्यांना नमस्कार. काल नमुना झाला, म्हणून लिहितेय.

आजीला परवा रात्री सांगितलं. आई म्हणाली तू सांग, मला जमणार नाही. आजीचा जप झाला, माळ डबीत ठेवली, मग मी तिच्या खाटेवर बसले आणि जसं इथे लिहिलं तसंच सांगितलं. तिवरं, पोरं, हाडं, रॉड. तिने मधे एकदाही थांबवलं नाही. मी रेवसताईंची वाक्यं पाठ करून गेले होते, त्यातलं काही लागलंच नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "रॉड काढलाच नाय तेचा." मला आधी कळेना. मग तिने सांगितलं. डॉक्टरांनी दीड वर्षाने रॉड काढायला बोलावलं होतं. मामाने तिच्याकडे पैसे मागितले. तिला वाटलं प्यायला मागतोय. म्हणाली, दिवाळीनंतर बघू. मग ती दिवाळी गेली, पुढची गेली, त्यानेही परत विषय काढला नाही.

हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. आईलाही नाही.

खाकी काका, तुम्ही सांगितलं तसा अर्ज दिला, पोच घेतली. त्याच हवालदार बाई आणि एक डॉक्टर तीन मजले चढून आले. या वेळी बाईंनी पाणी घेतलं. आजीने नेमका चहा-खारी घेतली होती, म्हणून सगळे अर्धा तास बसून राहिलो. त्या अर्ध्या तासात आजीने डॉक्टरांना गाव विचारलं, ते निघाले लांज्याचे, म्हणजे आमच्या देवरुखाहून फार लांब नाही, मग काय! फोटो काढायचा म्हटल्यावर तिने पदर नीट केला आणि कुंकवाची जागा पुसली, उगाचच. डॉक्टर काडी घेऊन पुढे आले तर म्हणते, "कवळी काढू काय?" अंगठा दिला तो मात्र तिने कागद मला मोठ्याने वाचायला लावूनच. 'मुलाची ओळख पटवण्याकरिता' इथे मला थांबवलं आणि परत वाच म्हणाली.

आईचाही नमुना घेतला. मामाच्या चुलत भावाला गावी फोन केला, तो येतो म्हणालाय, पण भातझोडणी आटपल्यावर. एक्स-रेचा तुकडा हवालदार बाईंनी पावती देऊन नेला. २००६ चा केसपेपर मिळाला नाही, हॉस्पिटलात म्हणाले इतके जुने कागद ठेवत नाही.

रेशनकार्डाचं मी काही काढलं नाही. तिनेही नाही.

सी.ए. आला की इथेच लिहीन.

खाकी_उतरवली:

छान झालं ताई. पावतीची आजच झेरॉक्स काढून ठेवा. कार्बनची प्रत दिली असेल, ती प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली की अक्षरं पिशवीला चिकटून येतात.